सुरुवातीची धून आधीपासून चालूच असावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या तंत्रज्ञानाच्या पानावर नव्या संगणकात आधी काय काय बंद करावं, याची यादी आली होती. पहिल्याच क्रमांकावर होती ती संगणक सुरू होताना वाजणारी धून. लेखकाचं म्हणणं असं, की ती कंपनीची जाहिरात आहे, उपयोग शून्य, तेव्हा कंपन्यांनी ती बंद ठेवूनच संगणक विकावेत. ज्याला हौस असेल तो चालू करील. या शेवटच्या वाक्यासाठी हे पत्र. मला दिसत नाही, दृष्टी लहानपणीच गेली. एका शासकीय कार्यालयाच्या आस्थापना शाखेत मी लिपिक आहे. सेवापुस्तकं, रजेचे हिशेब, पगारबिलं हे सगळं काम संगणकावर चालतं आणि आपलं वर्तमानपत्रही मी रोज स्क्रीन रीडरकडून, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, ऐकतो. ती धून माझ्या हौसेची गोष्ट नाही. मशीन जागं झालं आहे, हे मला त्या धुनेवरून कळतं.

डोळस माणूस बटण दाबतो तेव्हा त्याला बटणाजवळचा दिवा दिसतो, मग कंपनीचं चिन्ह, मग गोल फिरणारे ठिपके, मग पासवर्डची चौकट. आपण हे सगळं बघतोय हेही त्याच्या ध्यानात येत नाही. मी बटण दाबतो तेव्हा बोटाला फक्त बटण दाबलं गेल्याचं कळतं. पुढे शांतता. मशीन सुरू झालं का? की रात्रीच कुणी मेन स्विच बंद करून गेलं? की आधीच चालू होतं आणि माझ्या बोटाने ते झोपी गेलं? चालू करायचं आणि झोपवायचं बटण एकच असल्यामुळे, शंका आली म्हणून पुन्हा दाबावं तर नुकतंच उठलेलं मशीन परत झोपायचं. अंदाजाने थांबून पासवर्ड टाइप केला आणि चौकट अजून आलीच नसली, तर निम्मी अक्षरं हवेत जातात आणि उरलेल्यांचा चुकीचा पासवर्ड होतो. असं चार-सहा वेळा झालं की खातं लॉक. मग ते उघडून घेण्यासाठी फोन करत बसायचं.

अपडेटच्या दिवशी तर फारच पंचाईत होते. पडद्यावर 'संगणक बंद करू नका' असं लिहून येतं आणि टक्के पुढे सरकत असतात. मला त्यातलं काहीच ऐकू येत नाही, कारण त्या वेळी स्क्रीन रीडर चालू नसतो. शेजारच्या मॅडम जागेवर असल्या तर सांगतात, "थांबा हो, अपडेटला गेलंय, अजून चाळीसच टक्के झालेत." त्या रजेवर असल्या तर मी किती वेळ थांबावं? पंधरा मिनिटं? तास? आमच्यासारख्यांनी अशा वेळी मशीन बिघडलं समजून बटण दाबून धरलं आणि अपडेट अर्धवट राहिली, असं ओळखीच्यांत घडलेलं आहे. शेवटी एक धून वाजणार आहे एवढं माहीत असलं, तर माणूस निर्धास्तपणे दुसरं काम हातात घेतो. एसटीचा चालक डबल बेल ऐकून मागे न बघता गाडी काढतो, तसा त्या आवाजावर मी कामाला लागतो.

आता कुणी म्हणेल, स्क्रीन रीडर बोलतोच की, मग धून कशाला? मी वापरतो त्या स्क्रीन रीडरचं नाव एनव्हीडीए. मायकेल करन आणि जेमी टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं. तो फुकट मिळतो, मराठीही वाचतो. पण तो विंडोजच्या पाठीवर बसलेला आहे. विंडोज आलं नाही तर तो येणार कुठून? आणि विंडोज येऊनही तो कधी कधी बोलत नाही. तेव्हा बिघाड नेमका कुठे आहे हे धून सांगते. धून ऐकू आली म्हणजे विंडोज आलं, आवाजाचं यंत्र चालू आहे, स्पीकरची पिन जागेवर आहे आणि कुणी म्यूट केलेलं नाही, हे एका झटक्यात कळतं. मग मी कंट्रोल-अल्ट-एन दाबतो आणि एनव्हीडीए उठतो. पासवर्डच्या पडद्यावरच गाडी अडली असेल तर विंडोज-कंट्रोल-एंटर दाबून विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, नॅरेटर, बोलता करतो. धून वाजलीच नाही तर आधी वायर चाचपायची. कोणती कळ दाबायची आणि कुणाला हाक मारायची, हे त्या चार सेकंदांवर ठरतं. स्वतः एनव्हीडीए सुरू होतानाही एक छोटी धून वाजते आणि ती मुळातच चालू ठेवलेली आहे. ज्यांनी अंधांसाठी, स्वतः अंध असताना, सॉफ्टवेअर लिहिलं, त्यांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

पूर्वी या धुनेवाचूनही बरंच भागायचं. मी संगणक शिकलो तेव्हा मशीन नुसतं गडगडायचं. बटण दाबलं की पंखा घोंगावायचा, जाड काचेचा मॉनिटर धप्प करून थरथरायचा, फ्लॉपीचा ड्राइव्ह एकदा कुरकुरायचा आणि मग आतून एक छोटी 'टूं' यायची. ती एकच आली तर मशीन ठणठणीत. लांब किंवा पुन्हा पुन्हा आली तर रॅम सैल झाली असेल किंवा आणखी काही. दुरुस्तीवाले कानानेच रोग ओळखायचे. त्यानंतर हार्ड डिस्कची खरखर चालायची आणि ती थंडावली की समजायचं, आता बसा कामाला. आजच्या मशीनमध्ये हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी असते, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती मुकी. पंखा इतका हळू फिरतो की कॅबिनेटवर तळहात ठेवून थरथर शोधावी लागते. काही लॅपटॉपांत तो नसतोच. 'टूं' करणारा छोटा बझरही बहुतेक मशीनमधून गेला. डोळसांना ही शांतता हवीच होती, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण बाकीचे सगळे आवाज गेल्यावर उरलेल्या एकुलत्या एका आवाजाची किंमत वाढली, आणि नेमक्या त्याच काळात कंपन्यांनी तोही काढून घेतला. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं ते धून बंद ठेवून. २०१६ च्या मॅकबुक प्रो लॅपटॉपमधून ॲपलने मॅक सुरू होतानाचा आपला प्रसिद्ध सूर काढून टाकला. पुढे २०२० मध्ये मॅकच्या प्रणालीच्या बिग सर या आवृत्तीत तो सेटिंगमध्ये परत आला आणि २०२१ मध्ये विंडोज ११ ने धून पुन्हा मुळातच चालू ठेवली. मधल्या वर्षांत ज्यांनी विंडोज १० वर काम केलं, त्यांच्यापैकी कित्येकांना अशी सोय असते हेही ठाऊक नाही.

जाहिरातीचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. विंडोज ९५ ची धून ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी केली. सव्वातीन सेकंदांचा तुकडा हवा, अशी त्यांच्याकडे मागणी होती आणि सोबत विशेषणांची लांबलचक यादी. त्यांनी ८४ तुकडे रचले, त्यातला एक निवडला गेला आणि वाजला तो जवळपास सहा सेकंद. यात कंपनीला आपलं नाव लोकांच्या कानात बसवायचं होतं, हे उघड आहे. पण मॅकच्या सुराची हकिगत वेगळी आहे. जिम रीक्स हे ॲपलमध्येच आवाजाचं काम करणारे अभियंता होते. त्या काळी मॅक वरचेवर अडकायचा, पुन्हा सुरू करावा लागायचा आणि दर वेळी एक कर्कश, बेसूर आवाज ऐकावा लागायचा. त्याला कंटाळून त्यांनी कॉर्ग कंपनीच्या सिंथेसायझरवर सी मेजरचे सूर एकत्र वाजवून एक भरदार सूर तयार केला आणि १९९१ च्या क्वाड्रा या मॅक मशीनमध्ये तो घातला. वापरणाऱ्याच्या कानाला बरं वाटावं म्हणून केलेलं ते काम होतं. तेव्हा धून कुणी का केलेली असेना, तिच्यात ब्रँडचं नाव गुंफलेलं असेना, मला त्यातली बातमी मिळते. एसटीच्या पाटीवर महामंडळाचं बोधचिन्ह असतं म्हणून पाटीवरचं गावाचं नाव पुसा, असं कुणी म्हणत नाही.

दिव्याचंही तसंच आहे. बटणाजवळचा दिवा बहुतेक मशीनवर मुळातच चालू असतो. तो बंद ठेवूनच विका, ज्याला हौस असेल तो लावील, असं कुठल्या यादीत मी ऐकलेलं नाही. रात्री अंधाऱ्या खोलीत तोही काहींच्या डोळ्यांवर येतो. डोळ्यांसाठीची खूण मुळातच असावी आणि कानांसाठीची मागून घ्यावी, हा नियम केला कुणी?

धून सक्तीची असावी, असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. २००६ मध्ये विंडोज व्हिस्टाची धून वापरणाऱ्याला बंदच करता येणार नाही, असा मायक्रोसॉफ्टचा बेत होता. लोकांनी ओरड केली आणि बंद करण्याची सोय मिळाली. ती ओरड रास्तच होती. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं मान खाली घालून बसलेली असताना एकामागून एक मशीन वाजू लागलं तर ते चूकच. कोर्टात, इस्पितळात, रात्रपाळीच्या खोलीत शांतताच हवी. माझ्या लेकीचं बाळ घरी होतं तेव्हा रात्रीचं मशीन लावताना मी स्वतः हेडफोन आठवणीने खोचत होतो. प्रश्न फक्त इतकाच आहे, की सेटिंगपर्यंत जाण्याचे कष्ट कुणी घ्यायचे? ज्याला दिसतं तो पर्सनलायझेशनमधल्या थीममध्ये जाऊन, साउंड्स उघडून, एका टिकवर माउस मारतो. अर्ध्या मिनिटाचं काम. मला त्या टिकपर्यंत पोचायला आधी मशीन सुरू झालेलं कळावं लागतं, म्हणजे जी गोष्ट मागायची ती आधी हातात असावी लागते.

एक तक्रार डोळसांची आहे आणि ती माझीही आहे: आवाजाची पातळी. संध्याकाळी कुणीतरी व्हिडिओ बघताना आवाज पूर्ण चढवतं, मशीन बंद करून जातं आणि सकाळी पावणेदहाला धून अख्खा हॉल दणाणून सोडते. लोक धून बंद करतात ते बहुतेक या धक्क्यामुळे. त्यावर उपाय आहे. कालचा आवाज कितीही असो, सुरुवातीची धून ठरलेल्या हलक्या पातळीवरच वाजावी, दोन सेकंदांपेक्षा लांब नसावी आणि ती वेगळी कमी-जास्त करता यावी. हे कंपन्यांनी करायला हवं. एवढं झालं तर निम्म्या लोकांचा राग शमेल असं मला वाटतं.

आता आमच्या शासनाकडे वळतो, कारण आमच्याकडची अडचण कंपनीमुळे होत नाही. विंडोज १० ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली, म्हणून ठिकठिकाणी नवी मशीन येत आहेत. त्यांवर विंडोज ११ आहे, म्हणजे धून मुळात चालू. पण बसवायला येणारी मुलं एक मशीन नीट तयार करतात आणि त्याचीच नक्कल बाकीच्यांवर उतरवतात. त्या पहिल्या मशीनवर, कटकट नको म्हणून, धुनेची टीक काढलेली असते. वर डेस्कटॉपला स्पीकरच नसतो आणि मॉनिटरमध्येही नसतो, त्यामुळे टीक असती तरी उपयोग नव्हता. आमच्याकडे आलेलं मशीन असंच होतं. मी हेडफोन घरून नेला. सेटिंग बदलायला गेलो तर ॲडमिनचा पासवर्ड मागितला, तो तालुक्याच्या कुणाकडेच नव्हता.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३४ नुसार शासकीय पदांत अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांसाठी एक टक्का जागा राखीव आहेत. त्याच कायद्याचं कलम ४२ म्हणतं, की रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक साधनं सर्वांना वापरता येतील अशा रचनेची उपलब्ध व्हावीत यासाठी शासनाने उपाय करावेत. एका कलमाने माणूस नेमायचा आणि त्याच्यापुढे मुकं मशीन ठेवायचं, हे बरोबर नाही. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेले सुमारे ५० लाख लोक नोंदले गेले. त्यांतली किती मुलं आज शाळेत, वसतिगृहात, संगणकाच्या वर्गात मशीनपुढे बसत असतील! माझी मागणी साधी आहे. संगणक खरेदीच्या अटींतच लिहावं: साधा का होईना पण स्पीकर हवा, सुरुवातीची धून चालू हवी, एनव्हीडीए आधीपासून घातलेला हवा. ज्या शाखेला शांतता हवी तिने आपली धून बंद करून घ्यावी, त्यासाठी ॲडमिनकडे जावं लागलं तर त्यांनी जावं.

जाता जाता आपल्याच संकेतस्थळाबद्दल. बातमी उघडली की तिच्यातला व्हिडिओ आपोआप वाजू लागतो आणि एनव्हीडीए काय वाचतो आहे ते त्या गोंगाटात बुडून जातं. थांबवायचं बटण शोधायचं तर तेही ऐकूनच शोधावं लागतं. तीन सेकंदांपेक्षा जास्त आपोआप वाजणारा आवाज थांबवण्याची सोय हवी, असं वेबसाइटच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष २००८ पासून सांगत आहेत. धून हवी म्हणणारा मीच हे मागतो आहे. धून मला काहीतरी कळवते आणि थांबते. हा व्हिडिओ मला जे कळत होतं तेच झाकून टाकतो. तो आपोआप सुरू होणं कृपया बंद करावं. अग्रलेखाच्या पानावर याचा त्रास सर्वात जास्त होतो.

कळावे,
आपला नियमित वाचक
(शासकीय सेवेत असल्याने नाव व गाव छापू नये, ही विनंती)