‘तुझी काही चूक नव्हती’ हे म्हणण्याची घाई नको

संपादक महोदय,

युद्धावरून परतलेल्या सैनिकाला काहीही झाले, तरी त्याला ‘पीटीएसडी’ (भीषण प्रसंगानंतर भीती मनात घर करून राहण्याचा आजार) म्हणून मोकळे होण्याची सवय आता वृत्तपत्रांनाही लागली आहे. यात एक जखम पुरती नजरेआड होते. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातील सैनिकांवर उपचार करणारे डॉ. जोनाथन शे यांनी तिला ‘नैतिक जखम’ म्हटले. वरिष्ठांनीच केलेला विश्वासघात हे त्यांच्या मते तिचे मूळ. 2009 मध्ये ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी तिच्यात आपल्या नीतीला न पटणारे, पण स्वतःच्या हातून घडलेले, रोखता न आलेले आणि डोळ्यांदेखत झालेले असे सारेच धरले.

भीती आणि ही जखम यांतला फरक उपचारात कळीचा ठरतो. सुरक्षित जागी तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगितला की भीती बहुधा ओसरते. अपराधभाव तसा ओसरेलच असे नाही. तपासणी नाक्यावर न थांबलेल्या गाडीवर गोळी झाडली आणि आत लहान मूल निघाले, तर त्या सैनिकाचे दुःख हा काही गैरसमज नव्हे. त्याला ‘तू हुकूम पाळलास, तू शूर आहेस’ म्हटले की तो एवढेच ओळखतो, की समोरच्याला हे ऐकवत नाही. मग तो पुन्हा तोंड उघडत नाही.

आधी सगळे ऐकून घ्यावे. मग त्या क्षणाचा तपशील विचारावा: गाडी किती अंतरावर होती, उजेड किती होता, निर्णयाला किती सेकंद मिळाले, आदेश नेमका काय होता. आज कळलेले आणि तेव्हा माहीत असलेले वेगळे काढावे. नंतर कागदावर वर्तुळ काढून जबाबदारीचे वाटे पाडावेत. हुकूम देणारा, चुकीची खबर, नाक्याची मांडणी, अंधार, चालक यांचे वाटे आधी आणि सैनिकाचा शेवटी. त्याचा आधी विचारला, तर तो शंभर टक्के स्वतःवर घेतो. शेवटी उरलेला वाटा शून्य करण्याचा हट्ट धरू नये. तो खरा असेल, तर त्याच्यासह जगायला शिकवणे हेच काम आहे.

‘अ‍ॅडॅप्टिव्ह डिस्क्लोजर’ या पद्धतीत सैनिक डोळे मिटून, ज्याचा शब्द तो मानतो अशा माणसाला किंवा मृत साथीदाराला समोर आहे असे कल्पून सगळे सांगतो आणि त्या माणसाच्या वतीने उत्तरही स्वतःच देतो. बैठक 90 मिनिटांची असते. शेवटची 15-20 मिनिटे सावरण्यासाठी राखावीत. जखम उघडी ठेवून कोणालाही घरी धाडू नये.

परिमार्जन पुढे येते, आणि इथे फार चुका होतात. सगळी पुंजी वाटून टाकणे ही स्वतःला दिलेली शिक्षा झाली. नेमलेले, नियमित, झेपेल असे काम हवे. आपले मन हलके करायला मृताच्या घरच्यांना गाठणे तर टाळावेच.

आत्महत्येचा विचार येतो का, हे थेट विचारावे. विचारल्याने तो मनात रुजत नाही. घरातली बंदूक बाहेर ठेवायला द्यावी, निदान गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवाव्यात. झोपेसाठी दारूचा आधार घेतला जातोय का, इकडे लक्ष असावे. पीटीएसडीसाठी डायझेपामच्या गटातली (मन शांत करणारी, झोप आणणारी) औषधे देऊ नयेत, असे अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या उपचार-मार्गदर्शिकेतच म्हटले आहे.

घरच्यांनी ‘किती मारले?’ कधीही विचारू नये. पदक कपाटात दडवणारा किंवा स्वतःच्या बाळाला उचलून न घेणारा माणूस तऱ्हेवाईक नसतो. आणि सत्कार करणाऱ्यांना कळकळीची विनंती: मंचावर बोलावण्याआधी त्याला एकांतात विचारा, आणि तो ‘नको’ म्हणाला तर कारण मागू नका.

आपले,
माजी सैनिकांसोबत काम करणारे समुपदेशक