अमेरिकेत राहून अमेरिकाच शिकायची?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या परदेशी शिक्षणावरच्या पुरवणीतला एक लेख माझ्या भावाने कोल्हापूरहून फोटो काढून पाठवला. अमेरिकेत पदवीसाठी जाणाऱ्या मुलांनी कोणते विषय घ्यावेत आणि कोणते टाळावेत, याची त्यात यादी होती. टाळायच्या विषयांत ‘अमेरिकन स्टडीज’, म्हणजे अमेरिकेचा समाज आणि संस्कृती हा विषय होता. त्यापुढे एवढंच लिहिलं होतं की याचा काही उपयोग नाही. माझ्या मुलीने न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठातून याच विषयात पदवी घेतली आहे, म्हणून हे पत्र.

मी मूळची कोल्हापूरची, शिवाजी विद्यापीठाची इंग्रजीतली एम.ए. १९९८ साली लग्न होऊन एडिसनला आले. ‘वाय टू के’च्या, म्हणजे सन २००० साठी संगणकांत करायच्या दुरुस्तीच्या, कामासाठी आलेल्या हजारो संगणकवाल्यांपैकी माझे यजमान एक. मुलगी २००३ ची. २०२१ मध्ये ती रटगर्सला गेली ती अर्थशास्त्र शिकायचं म्हणून. इथे कला-विज्ञान शाखेत प्रवेश घेतानाच विषय पक्का होत नाही. चार वर्षांत १२० क्रेडिट्स पुरी करायची आणि मुख्य विषय, ज्याला इथे मेजर म्हणतात, तो दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जाहीर करायचा. तिने तो जाहीर केला आणि मग आम्हाला सांगितला.

पुण्याच्या जाऊबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, “अगं, अमेरिकेत राहून अमेरिकाच शिकायची? मग आम्ही पुण्यात राहून पुणं शिकायचं का?” मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तोच प्रश्न होता. त्या आठवड्यात मी लेकीशी धड बोलले नाही, याचं आज वाईट वाटतं.

हा विषय म्हणजे राष्ट्राध्यक्षांची नावं पाठ करणं नव्हे, हे मला हळूहळू तिच्या टेबलावरच्या कागदांवरून कळत गेलं. १९३० च्या दशकात हार्वर्ड, येलसारख्या विद्यापीठांतून तो आकाराला आला. इतिहास एकीकडे, साहित्य दुसरीकडे, कायदा तिसरीकडे असं न शिकता एकाच प्रश्नाकडे सगळ्या बाजूंनी पाहायचं, ही त्याची रीत. न्यायालयाचा निकाल, जुनी जाहिरात, चर्चमधलं गाणं, जनगणनेचा तक्ता, सगळं पुरावा म्हणून वाचायचं.

सुरुवात तिच्या कॉलेजच्या पायापासूनच झाली. रटगर्सची सर्वांत जुनी इमारत ओल्ड क्वीन्स. तिचा पाया घालणाऱ्यांत विल नावाचा एक गुलाम होता. विद्यापीठाने स्वतः संशोधन करून २०१६ मध्ये हे छापून प्रसिद्ध केलं आणि त्या इमारतीकडे जाणाऱ्या पायवाटेला विलचं नाव दिलं. विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष हार्डनबर्ग. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या सोजर्नर ट्रूथ त्यांच्याच घराण्याच्या मालकीत जन्मल्या होत्या. गुलामगिरी संपवणाऱ्या उत्तरेकडच्या राज्यांत न्यू जर्सी शेवटचं. गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती या राज्याच्या विधिमंडळाने १८६५ मध्ये फेटाळली आणि १८६६ मध्ये, ती देशभर लागू झाल्यावर, मान्य केली. वीसहून अधिक वर्षं मी इथे राहत होते आणि गुलामगिरी ही दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांतली गोष्ट आहे अशीच माझी समजूत होती.

हे सगळं तिने सांगितलं, त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा तिला काहीतरी देता आलं. मी म्हटलं, जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, ज्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. ती जेवता जेवता थांबली. म्हणाली, “आई, हे तू मला आधी कधीच का सांगितलं नाहीस?” शाळेत मी ती अर्पणपत्रिका परीक्षेपुरती वाचली होती. पुण्यात बसलेल्या माणसाचा जीव इतक्या दूरच्या लोकांसाठी का तुटला असेल, असं कोणी मला विचारलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी तिने नागरिकत्वावर मोठा निबंध लिहिला. १७९० च्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी फक्त ‘मुक्त गोऱ्या’ माणसालाच नागरिक होता येत असे. भगतसिंग थिंड हे पंजाबातून आलेले शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यांच्या बाजूने केलेला युक्तिवाद असा, की हा उच्च जातीचा हिंदू आहे, आर्यवंशाचा आहे, म्हणजे गोराच. फेब्रुवारी १९२३ मध्ये न्यायालयाने एकमताने नाही म्हटलं आणि त्यानंतर ज्या भारतीयांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं, त्यांचंही काढून घेण्याची कारवाई सुरू झाली. लेकीने मला विचारलं, “हक्क मागताना जात का पुढे केली असेल?” मी बराच वेळ गप्प होते. हा प्रश्न आपल्या घरातला आहे.

मी स्वतः २०१३ मध्ये नागरिक झाले. तेव्हा त्यासाठीच्या परीक्षेला शंभर प्रश्नांची पुस्तिका असे, त्यातले दहापर्यंत विचारत, सहा बरोबर आले की पास. माझे पहिले सहाही बरोबर आले आणि अधिकारी तिथेच थांबला. मला फार अभिमान वाटला होता. त्या शंभरांत थिंड नव्हते. १९४६ मध्ये भारताला वर्षाला शंभर माणसांचा कोटा मिळाला, हेही नव्हतं. आणि ज्या स्थलांतराच्या कायद्यामुळे आम्ही सगळे इथे आहोत, ज्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी सही केली, तो कायदाही नव्हता. आदल्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला होता, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्कांचा. वंशावरून माणूस तोलायचा नाही, हे घरात मान्य करायला लागल्यावर दारातही मान्य करावं लागलं. आमच्या मंडळातली ज्येष्ठ मंडळी सांगतात की आपण इथे गुणवत्तेवर आलो. आले, यात शंका नाही. पण ते दार उघडण्यासाठी अलाबामा-मिसिसिपीतल्या काळ्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले, आणि त्यांचं नाव आमच्या एकाही गणेशोत्सवाच्या भाषणात मी ऐकलेलं नाही. मीही घेतलं नव्हतं.

आता जी गोष्ट सांगते, ती मुख्यतः कोल्हापूरच्या वाचकांसाठी. न्यू जर्सी आणि महाराष्ट्र यांची जुनी गाठ शोधताना लेक एके दिवशी फोनवर म्हणाली, “आई, कोल्हापुरात वायल्डर म्हणून काही आहे का?” मी म्हटलं, “आहे की! वायल्डर मेमोरियल चर्च. मी शाळेत जाताना रोज त्यावरून जायची.” हे वायल्डर कोण, ते तिने मला सांगितलं. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. परत गेल्यावर त्यांनी प्रिन्स्टनहून एक मासिक काढलं. प्रिन्स्टन आमच्या घरापासून पाऊण तासावर. गोपाळराव जोशी कोल्हापुरात नोकरीला असताना बायकोच्या अमेरिकेतल्या शिक्षणासाठी मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार करत होते. ती पत्रं त्या मासिकात छापून आली, आणि सोबत वायल्डर यांचा सल्ला, की आधी ख्रिस्ती व्हा. १८८० मध्ये रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या ती वाचली आणि आनंदीबाईंना पत्र लिहिलं. धर्म बदलायची अट न घालता त्यांनी त्यांना आपल्या घरी बोलावलं. ते रोझेल आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. तिथून जाणाऱ्या रस्त्याने मी कितीदा तरी भाजी आणायला गेले आहे.

आम्ही दोघी रोझेलला गेलो. नंतर एका शनिवारी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला गेलो. तिथल्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आनंदीबाईंच्या अस्थी आहेत. दगडावर त्यांच्या नावाखाली लिहिलंय की शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली ही पहिली ब्राह्मण स्त्री. मी डोळे पुसत होते. लेक त्या ‘ब्राह्मण’ शब्दाकडे बघत उभी होती. परत येताना गाडीत ती थिंड यांच्याविषयी बोलत होती. एकाच दगडापुढे उभ्या राहून आम्हाला दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या, आणि तिला दिसलेली मला आजवर दिसली नव्हती.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाईंना पदवी मिळाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं त्या हा देश हिंडल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी मराठीत ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ लिहिलं. राज्यव्यवस्था, शाळा, बायकांच्या संघटना यांचं त्यांनी मनापासून कौतुक केलं आणि काळ्या लोकांना व मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल तितक्याच मोकळेपणाने कान उपटले. ‘अमेरिकन स्टडीज’ हे नाव रुळायच्या कितीतरी आधी मराठीत हे पुस्तक झालेलं होतं. माझ्या लेकीने ते कॉलेजच्या ग्रंथालयात मीरा कोसंबी यांच्या इंग्रजी अनुवादात वाचलं. मग भावाने कुठूनशी मराठी मूळ मिळवून पाठवलं. तिला देवनागरी सावकाश वाचता येतं, म्हणून हिवाळ्याच्या सुट्टीत मी रोज रात्री थोडं थोडं मोठ्याने वाचलं. रविवारच्या मराठी शाळेत आठ वर्षं नेऊन जे साधलं नाही, ते त्या तीन आठवड्यांत साधलं.

शेवटच्या वर्षी तिने एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या नवऱ्यासोबत, आलेल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या. मीही त्यांतली एक. जेवणाच्या टेबलावर फोन ठेवून तिने विचारलं, “आल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी तू दिवसभर काय केलंस?” मला वाटलं होतं, सांगण्यासारखं काही नसेल. दीड तास बोलले. काम करायला परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, ओळखीचं कोणी नाही. लाँड्रीच्या मशीनसाठी क्वार्टर (पाव डॉलरची नाणी) साठवायचे आणि ते रोज मोजायचे, कारण घरात तेवढंच मोजण्यासारखं होतं. डब्यात एम.ए.चं प्रमाणपत्र. ग्रीन कार्ड हातात आल्यावर मी इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात कामाला लागले, तोवर आठ वर्षं गेली होती. एच-फोरवरच्या काही बायकांना कामाची परवानगी देणारा नियम २०१५ मध्ये आला. लेकीने मला नियम, तारखा, कारणं असं सगळं दाखवलं, तेव्हा कळलं की त्या आठ वर्षांत माझं काही चुकलं नव्हतं. इतकी वर्षं मी ते माझंच अपयश समजत होते.

उपयोगाचं विचारलंत तर आकडा लपवत नाही. ती आता एका संग्रहालयात मुलाखती नोंदवण्याचं आणि जतन करण्याचं काम करते. तिचा पगार तिच्या संगणक शिकलेल्या चुलतभावाच्या निम्म्याहून थोडा जास्त आहे. ज्या घरातून कर्ज काढून मुलाला इकडे पाठवलं जातं, त्या घराला हा हिशेब करावाच लागतो आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. आमची मुलगी इथलीच, तिला राज्यातल्या विद्यार्थ्यांची फी होती, म्हणून आम्हाला जमलं. पण परवडत नाही ही एक गोष्ट आणि उपयोग नाही ही दुसरी. आपल्या लेखाने दोन्ही एक केल्या. अर्थशास्त्र किंवा संगणकाबरोबर हा विषय दुय्यम म्हणून, इथल्या भाषेत मायनर म्हणून, घेता येतो, एवढं तरी त्यात यायला हवं होतं.

हा विषय भारताला नवाही नाही. १९६४ मध्ये हैदराबादला अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर निघालं होतं. कोल्हापुरातले आमचे सर मे महिन्याच्या सुट्टीत तिथे जाऊन राहायचे आणि वह्या भरून परत यायचे. आम्हाला त्यांनी अमेरिकन कविता शिकवली ती त्या वह्यांतून. मराठी घरांतून इतकी मुलं अमेरिकेला जातात, तर महाराष्ट्रातल्या एखाद्या महाविद्यालयाने निदान एका सत्रापुरता हा विषय बी.ए.ला, आणि इंजिनिअरिंगलाही, का ठेवू नये? फुले, रमाबाई, आनंदीबाई, कोलंबियात शिकलेले बाबासाहेब, एवढी सामग्री आपल्याच भाषेत आहे.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत या विषयाला अर्धं पान द्यावं आणि तो शिकलेल्या मुलांकडून लिहून घ्यावं. लेकीने घेतलेल्या चौदा मुलाखतींपैकी नऊ मराठीत आहेत. कोल्हापूर, अकोला, नाशिक, मडगाव अशा गावांहून आलेल्या या बायका आहेत. त्यांपैकी सहा जणींनी छापायला होकार दिला आहे. आपल्याला हव्या असतील तर मी त्या उतरवून पाठवते.

आपली,
एक वाचक
एडिसन, न्यू जर्सी (मूळ कोल्हापूर)
(मुलीच्या इच्छेवरून नाव छापू नये.)