‘कारणे द्या’ या प्रश्नाबद्दल शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

डहाणू तालुक्यातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. आता निवृत्त आहे, त्यामुळे पत्रं लिहायला वेळच वेळ. हे पत्र मात्र वेळ घालवायला लिहीत नाही. ते आहे इतिहासाच्या पुस्तकातल्या सातव्या शतकातल्या अरब विजयांच्या भागाबद्दल आणि त्याखालच्या ‘कारणे द्या’ या प्रश्नाबद्दल.

ऑगस्ट २०१० मध्ये, पतेती झाल्यावर दोन-तीन दिवसांनी, आठवीतली एक पारशी मुलगी घरचं कॅलेंडर दप्तरातून घेऊन आली. त्यावर साल छापलं होतं १३८०. “सर, हे कुठून मोजतात?” मी फळ्यावर वजाबाकी केली, उत्तर आलं ६३०. पण ही गणना सुरू होते ६३२ पासून. मधली दोन वर्षं गेली कुठे? एक वर्ष मोजणी शून्याऐवजी एकापासून सुरू होते म्हणून, आणि दुसरं त्या पंचांगात लीप वर्षाचा जादा दिवस धरत नाहीत म्हणून, तेराशे वर्षांत थेंबे थेंबे साचलेलं. त्या दिवशी माझा अर्धा तास गणिताच्या शिक्षकांनी खाल्ला.

उरलेला अर्धा तास जून ६३२ चा. त्या एका महिन्यात मदिनेत प्रेषित मुहम्मद वारले आणि इराणात ससानी घराण्यातला तिसरा यज्दगर्द गादीवर बसला, जेमतेम मिसरूड फुटलेला पोरगा. त्याच्या राज्यारोहणाचं साल पारशी घरांत आजही मोजलं जातं, कारण त्याच्यानंतर मोजायला ससानी राजाच उरला नाही. ६५१ मध्ये मर्वजवळ (आजच्या तुर्कमेनिस्तानात) तो मारला गेला. एका गिरणीवाल्याने अंगावरच्या जरीसाठी मारला, अशी कथा आहे. चारशे वर्षांचं साम्राज्य एकोणीस वर्षांत संपलं.

“पण सर, एवढं मोठं राज्य असं कसं पडलं?” तिने विचारलं. वर्गात हिंदू, मुसलमान, आदिवासी, पारशी सगळी मुलं होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती.

एका मुलाने गाईड उघडून दोन ओळींचं उत्तर वाचून दाखवलं: अरब धर्मवेडाने पेटलेले होते आणि तलवारीपुढे कोणाचं चाललं नाही. मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, घरी सांगतात की अल्लाची मदत होती. मंत्रीमहोदय, माझी तक्रार या दोन्ही उत्तरांबद्दल आहे. दोन्हींमध्ये मुलाला पुढे काही विचारायला जागाच उरत नाही.

गोष्ट ६३२ पासून सांगायला घेतली की ती जादूसारखी वाटते. मी ती ६०२ पासून सांगत असे. त्या साली कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) रोमन सम्राटाचा खून झाला, त्याचं निमित्त करून इराणचा दुसरा खुस्रो चालून गेला, आणि रोमन व इराणी ही दोन्ही साम्राज्यं सव्वीस वर्षं एकमेकांच्या उरावर बसली. दमास्कस ६१३ मध्ये इराण्यांनी घेतलं, जेरुसलेम ६१४ मध्ये, मग इजिप्त. ६२६ मध्ये खुद्द कॉन्स्टँटिनोपलला वेढा पडला. रोमन सम्राट हिराक्लियसने चर्चमधली चांदी वितळवून नाणी पाडली, सैन्य उभं केलं आणि ६२७ च्या डिसेंबरात निनेव्हेपाशी (आजच्या इराकमध्ये) डाव उलटवला. खुस्रोला त्याच्याच माणसांनी मारलं. त्याचा मुलगा काही महिन्यांत प्लेगच्या साथीत गेला. मग चार वर्षांत गादीवर इतके जण बसले-उठले की त्यात खुस्रोच्या दोन मुलीही राज्य करून गेल्या.

मुलांना मी म्हणायचो, दमास्कसमधल्या वीस वर्षांच्या पोराच्या डोळ्यांनी बघा. तो अजाण असताना शहर इराण्यांचं झालं, मिसरूड फुटली तेव्हा रोमन परत आले, आणि चार-पाच वर्षांत वेशीवर अरब. कर मात्र प्रत्येकाला द्यायचा. त्यातून इजिप्त-सीरियातल्या बहुसंख्य ख्रिस्ती लोकांचं आणि राजधानीतल्या चर्चचं येशूच्या स्वरूपावरून दोनशे वर्षांचं भांडण. अशा रयतेने सम्राटासाठी जीव का द्यावा?

पैशाचंही बघा. सीमेवर राखण करणाऱ्या अरब टोळ्यांना रोमन दरबार तनखा देई. थिओफानिस नावाचा ग्रीक बखरकार सांगतो की एका अधिकाऱ्याने तो देताना हात आखडला आणि म्हणाला, सैनिकांना द्यायची मारामार आहे, या कुत्र्यांना कुठून देऊ? त्या टोळ्या उठून आपल्या भाईबंदांना मिळाल्या आणि गाझाची वाट दाखवून बसल्या. थिओफानिस जवळपास पावणेदोनशे वर्षांनी लिहितोय, तेव्हा शब्द जसेच्या तसे धरायचे नाहीत, हेही मी मुलांना सांगे. इराणच्या बाजूलाही तेच. खुस्रोने स्वतःच हीराचं अरब मांडलिक राज्य मोडलं होतं. कुंपण आधीच काढून टाकलेलं.

मग अरबांचे एकामागून एक विजय: सीरियाच्या बाजूला यर्मूक (६३६), इराणच्या बाजूला कादिसिया, राजधानी तेसिफोन, निहावंद (६४२) आणि तिकडे सेनापती अम्र इब्न अल-आसच्या हाती इजिप्त. लढायांची यादी मी भराभर उरकत असे. तेसिफोनमधली एक गोष्ट मात्र सांगायचो. राजवाड्यात अरब सैनिकांना कापराने भरलेली भांडी मिळाली. वाळवंटातल्या माणसांनी ते मीठ समजून जेवणात टाकलं. वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी कापूर असतो. त्या दिवशी प्रत्येकाच्या तोंडाला तो कडवट स्वाद आला असणार.

याचा अर्थ सगळं गोडीगुलाबीने झालं असा नाही. इराणातल्या इस्तख्र शहराने उठाव केला तेव्हा तिथे भयंकर कत्तल झाली. माणसं गुलाम म्हणून नेली गेली, जिझिया बसला. हेही पुस्तकात हवं, त्याच पानावर. पण त्याच पानावर हेही हवं की बहुतेक इराणी मुसलमान व्हायला दोन-अडीचशे वर्षं लागली आणि तोवर जुन्या कारकुनांवाचून नव्या सत्तेचं पान हलत नव्हतं. साठएक वर्षं नाणी ससानी छापाचीच पडत होती: राजाचा मुकुटधारी चेहरा, मागे अग्निवेदी आणि कडेला बारीक अक्षरात ‘बिस्मिल्ला’. हिशेब इराकात फारसीत, सीरियात ग्रीकमध्ये. आपला ‘दफ्तर’ हा शब्द ग्रीकमधून फारसीत आणि फारसीतून पेशव्यांच्या कचेरीत आला, तोही कारकुनी वाटेनेच.

व्हिएन्नातल्या ग्रंथालयात ६४३ सालचा पपायरसचा एक तुकडा आहे. वर ग्रीक, खाली अरबी. इजिप्तमधल्या एका जिल्ह्याच्या स्थानिक अधिकाऱ्यांकडून अरब सेनाधिकाऱ्याने पासष्ट मेंढ्या घेतल्या त्याची ही पावती. कापायला पन्नास, शिवाय पंधरा. हिजरी सन २२ त्यावर लिहिलं आहे. विजेता पावती देतोय! माझ्या वर्गात सगळ्यात जास्त चर्चा या मेंढ्यांवर झाली, कारण खेड्यातल्या पोरांना पहिला प्रश्न पडला तो हा की पावती दिली, पण पैसे दिले का? (ती करापोटीची वसुली होती.)

आणि आता आपल्या दारातलं. बलाझुरी हा नवव्या शतकातला अरब इतिहासकार लिहितो की खलिफा उमरच्या काळात ओमानच्या सुभेदाराने परस्पर एक आरमार ‘ताना’वर, म्हणजे ठाण्यावर, पाठवलं. खलिफा खूश झाला नाही, चिडला. तू किड्यांना लाकडावर बसवून समुद्रात सोडलंस, ते बुडाले असते तर तुझ्या टोळीतली तेवढीच माणसं मी घेतली असती, असं त्याने कळवलं. पुढे ७३८-३९ च्या नवसारी ताम्रपटात चालुक्य पुलकेशीने ‘ताजिकां’ना, म्हणजे अरबांना, परतवल्याची नोंद येते. आणि त्यानंतर दोनशे वर्षं जायच्या आत, ९२६ मध्ये, आमच्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटात राष्ट्रकूट सम्राटाचा संजाणचा सुभेदार कोण? मुहम्मद नावाचा ताजिक, संस्कृतात ‘मधुमती’. तो नदीवर फुकट होडी चालवतो, अन्नछत्र घालतो आणि देवीच्या मठाला जमीन द्यायला मंजुरी मिळवून देतो. ज्या संजाणला पारशी उतरले, तेच हे संजाण. डहाणू रोडहून गाडी पकडली की उंबरगावच्या पुढचं स्टेशन.

माझं मागणं मोठं नाही. पुढच्या वेळी पुस्तक लिहायला तज्ज्ञ बसवाल तेव्हा हा भाग ६०२ पासून सुरू करायला सांगा. मेंढ्यांच्या पावतीचा फोटो आणि चिंचणी ताम्रपटाचा मराठी अनुवाद छापा, दोन्ही मिळून एका पानात मावतात. आणि धड्याखालचा ‘कारणे द्या’ काढून तिथे ‘हे कोणी लिहिलं, किती वर्षांनी?’ असा प्रश्न टाका. तपासणाऱ्या शिक्षकाला जरा जड जाईल. त्याच्यासाठी एक दिवसाचं प्रशिक्षण लागेल. चिंचणीत ठेवलंत तर मी विनामूल्य येईन, दुपारच्या जेवणाची सोय मात्र बघा.

आपला,
एक निवृत्त इतिहासशिक्षक
डहाणू, जि. पालघर