हद्दवाढीआधी शहरातल्या मोकळ्या जागांचा नकाशा करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या हद्दवाढीचा, म्हणजे शेजारची गावं महापालिकेत घेण्याचा विषय निघाला की शहरातले लोक म्हणतात, आता आत जागाच उरली नाही. शेजारची गावं म्हणतात, आमची उसाची रानं आम्ही देणार नाही. 1972 साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, हद्द मात्र होती तीच राहिली. 66.82 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत तेवढ्या जागेत 5,49,236 माणसं होती. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला समजतं. पण शहरात खरोखर किती जागा मोकळी आहे आणि ती कुठे आहे, हे नकाशावर मांडल्याशिवाय या वादाला पाया नाही. म्हणून हे पत्र.

हद्दीबाहेर पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडीकडे घरं वाढत चालली आहेत. उद्यमनगरात कामाला असलेला मुलगा लग्न झाल्यावर तिकडे फ्लॅट घेतो, कारण शहरातला परवडत नाही. मग पाण्याची ओढाताण आणि रोजचं पेट्रोल. इकडे राजारामपुरीत, टाकाळ्यावर, रुईकर कॉलनीत दोन घरांच्या मधे एखादा प्लॉट वर्षानुवर्षं तसाच पडून असतो. तारेचं कुंपण, आत बाभळी, पुढे उभे केलेले टेम्पो. रस्ता झालेला, पाण्याची लाईन समोरून गेलेली, शाळा चालत जाण्याएवढी जवळ. अशा जागेवर दुमजली, तिमजली घर उभं राहिलं तर महापालिकेला नव्यानं फारसं काही पुरवावं लागत नाही.

अशा जागा शोधण्याचं साधन आज हाताशी आहे. मी बरीच वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. तेव्हा ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवून जे करायचो, तेच आता क्यूजीआयएससारख्या नकाशाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. खाली सिटी सर्व्हेचे, म्हणजे शहरातल्या प्लॉटांच्या सरकारी मोजणीचे नकाशे, त्यावर विकास आराखड्यातली आरक्षणं, त्यावर पूररेषा, पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाईनी, आणि शेवटी घरफाळ्याची नोंद. उपग्रहाच्या फोटोवरून काढलेल्या इमारतींच्या आकृत्या गूगलनं भारतापुरत्याही खुल्या केल्या आहेत. प्लॉट केवढा आणि त्यातला बांधलेला भाग केवढा, हे प्रत्येक सिटी सर्व्हे नंबरला काढलं की बहुतेक रिकाम्या जागा आपोआप वर येतात.

बहुतेक म्हणालो, कारण वरून सगळं दिसत नाही. सेंटिनेल उपग्रहाचे फोटो फुकट मिळतात, पण त्यातला एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा असतो, म्हणजे 100 चौरस मीटर. आपला एक गुंठा 1089 चौरस फूट, म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. शिवाजी पेठेतला गुंठाभर प्लॉट त्या फोटोत एकच ठिपका होतो, आणि अर्ध्या गुंठ्याचा शेजारच्या छपरात मिसळून जातो. गूगलच्या आकृत्या जास्त बारीक आहेत, पण घर एक मजली की चार मजली, हे त्यातून कळत नाही. म्हणून पेठांसाठी ड्रोननं मोजणी व्हायला हवी. केंद्रानं फेब्रुवारी 2025 मध्ये 152 शहरांत 'नक्षा' नावानं अशीच नागरी मोजणी सुरू केली आहे, तेव्हा पद्धत नवी शोधायची नाही.

जुने सिटी सर्व्हेचे कागद आजच्या फोटोवर बसवणं हे खरं किचकट काम. त्यासाठी न हललेल्या खुणा लागतात. रुंदीकरण झालेल्या रस्त्याचा कोपरा धरला की सगळा नकाशा सरकतो. बिंदू चौकातली जुनी तटबंदी, पेठेतली दगडी विहीर, देवळाचा चौथरा असे बिंदू धरावे लागतात, आणि ते कुठे आहेत हे त्या भागात राहणाऱ्यालाच ठाऊक असतं.

कोल्हापुरात पाण्याचा थर सगळ्यात आधी टाकला पाहिजे. 2005, 2019 आणि 2021 चा पूर आपण पाहिला. पूररेषा दोन असतात. निळी रेषा साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. पण 2019 नंतर दोनच वर्षांत लोकांनी पुन्हा घरं सोडली. म्हणून निळ्या रेषेच्या आतली एकही जागा नव्या घरांच्या यादीत नको. दोन रेषांमधल्या जागेवर जोत्याची उंची वाढवून बांधायला नियमांत वाट आहे, तरी व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली या भागांत गर्दी वाढवू नये असं माझं ठाम मत आहे. जोतं उंच केलं म्हणून दारातलं पाणी हटत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला बोटीतूनच बाहेर काढावं लागतं.

पूररेषेत न दिसणारं पाणीही आहे. गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ. कपिलतीर्थ मार्केट आणि शाहू स्टेडियमही बुजवलेल्या तळ्यांवर उभे आहेत. मोठा पाऊस झाला की गांधी मैदानाचं आजही तळं होतं. जयंती नाल्याला मिळणारे छोटे ओढेही कित्येक ठिकाणी बुजले आहेत. जुने नकाशे काढून तळ्यांचा आणि ओढ्यांचा स्वतंत्र थर करावा.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सांगतो. नकाशा ज्याला रिकामं म्हणतो ते पेठेत रिकामं नसतं. तालमीच्या मागचं पटांगण, मंडळाचा मांडव पडतो तो चौक, पोरं फुटबॉल खेळतात तो तुकडा, लेआउट मंजूर होताना सोडलेली ओपन स्पेस, या सगळ्या जागा सॉफ्टवेअरला 'बांधकाम नाही' अशाच दिसतात. त्या यादीतून आधीच वगळल्या पाहिजेत. झाडी असेल तिथेही जाऊन बघितलं पाहिजे.

उलट पडके वाडे नकाशावर भरलेले दिसतात. वर कौलं आहेत, आत माणूस नाही. प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचं नाव, खाली डझनभर वारस, कुणी पुण्यात, कुणी मुंबईत, आणि पुढच्या खोलीत जुना भाडेकरू. कित्येक वाड्यांचं घोडं वाटणीपाशी अडलं आहे. वारसांना एकत्र बसवायला, वारसनोंदी लावून द्यायला आणि भाडेकरूचा हक्क कागदावर आणायला महापालिकेनं आणि भूमी अभिलेख खात्यानं मिळून एक खिडकी उघडली, तर पेठांत जेवढी घरं होतील तेवढी मोकळ्या प्लॉटांवरही होणार नाहीत असा माझा अंदाज आहे. भाडेकरूला बाहेर काढून होणारी घरं मात्र नकोत.

बंद पडलेल्या शाहू मिलच्या जागेचा विषय मी मुद्दाम काढत नाही. तो वेगळा आहे आणि तिथे लोकांच्या भावना गुंतल्या आहेत.

इंग्लंडमध्ये 2017 पासून प्रत्येक स्थानिक नियोजन संस्थेला, पूर्वी वापरात असलेल्या पण आता घरं बांधता येतील अशा जागांची यादी जाहीर करावी लागते. आपल्याकडेही ती जाहीरच असावी. यादी फक्त ऑफिसात राहिली तर ती आधी बिल्डरला कळेल आणि गल्लीतल्या माणसाला सगळ्यात शेवटी. मालकाचं नाव छापायची गरज नाही. सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, समोरच्या रस्त्याची रुंदी, पूररेषा आणि आरक्षण एवढं पुरे. विकास आराखड्यावर जशा हरकती आणि सूचना मागवतात, तशा यावरही मागवाव्यात.

सुरुवात ई वॉर्डातल्या राजारामपुरीपासून करावी. गल्ल्या सरळ आणि नंबरवार आहेत, नकाशा बसवायला सोपं जाईल. प्रत्यक्ष जागेवर जाऊन खात्री करण्याचं काम शिवाजी विद्यापीठाच्या भूगोल विभागातली आणि इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं आनंदानं करतील, त्यांना मानधन मात्र द्यावं. एका वॉर्डाचा नकाशा लोकांसमोर आला की मगच हद्दवाढीच्या बैठका घ्याव्यात, अशी महापालिकेकडे आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी मागणी आहे.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन,
मंगळवार पेठ, कोल्हापूर