सुगरण नव्हे, सुगरणीचा नवरा

सोलापूर, श्रावण

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "अप्पा, सोलापुरात बघण्यासारखं आहे तरी काय? ऊन, धूळ आणि शेंगाचटणी." मी हसून सोडून दिलं. फोनवर मला तसंही निम्मंच ऐकू येतं. म्हणून लिहितोय.

तू सहावीत असताना नान्नजच्या अभयारण्यात सहल गेली होती, आठवतं? माळढोक बघायचा म्हणून पहाटे उठलीस आणि संध्याकाळी तोंड पाडून घरी आलीस. काळविटांचा अख्खा कळप दिसला होता, तो तू हिशेबातच धरला नाहीस. मी काही बोललो नाही, कारण मीही तसलाच. ३४ वर्षं कापडाच्या मागावर काढली. कारखान्याच्या खिडकीबाहेर लिंब होता, त्याला मोहर कधी येतो हे काम सुटेपर्यंत माहीत नव्हतं.

आता वेळच वेळ आहे. आमच्या कारखान्यातल्या जुन्या जॉबरमामांचं शेत हिप्परग्याच्या तलावापलीकडं आहे. तिथल्या विहिरीवर एक बाभूळ वाकलीय आणि तिला सुगरणीची घरटी लटकलीत. मी गेला आठवडाभर रोज सकाळी तिथं जाऊन बसतोय. तुझी आई म्हणते, ह्यांना दुसरी पाळी लागली.

आपण सगळे सुगरण सुगरण म्हणतो, पण विणणारा नर असतो गं. पिवळ्या डोक्याचा, चिमणीएवढा. उसाच्या पानाच्या कडेवर बसतो, चोचीनं बारीक खाच पाडतो, तेवढी कड चोचीत धरतो आणि उडतो. उडतानाच पानाची लांब पट्टी सोलून निघते. मग फांदीवर येऊन एक टोक पायाखाली दाबायचं, दुसरं चोचीनं फिरवून खालून घालायचं, पलीकडनं ओढून घ्यायचं. धोटा नाही, कांडी नाही, सगळं चोचीवर. आधी एक कडं करतो, झोपाळ्यासारखं. त्यावर छप्पर उतरवतो, टोपीसारखं. आणि इथं थांबतो.

इथंच खरी गंमत आहे. तो त्या अर्धवट घरट्याखाली उलटा लटकतो आणि पंख फडफडवत राहतो. मादी येते, आत बसते, इकडं तिकडं चोच मारते, एखादी काडी ओढून बघते. आमच्याकडं कापडाचा ताका तपासायला यायचे ना, अगदी तसं. पसंत पडलं तरच पुढं अंड्यांची जागा आणि खालची लांब नळी. नाही तर ते तसंच लोंबकळत राहतं. मला हे फार पटलं बघ. पुरा ताका विणून मग नापास व्हायचा, त्यापेक्षा अर्ध्यातच दाखवून घ्यायचा. आमच्या मालकाला हे कधी सुचलं नाही, डाग निघाला की पगारातनं कापायचा.

बाभळीवर आज १४ घरटी मोजली. ७ अर्धवट. हिरवं असेल तर नवं, तपकिरी पडलं की जुनं. मंगळवारी एक मादी एका टोपीत तीनदा येऊन गेली आणि चौथ्यांदा आलीच नाही. बुधवारी त्यानं शेजारच्या काट्याला नवी पट्टी बांधायला घेतली होती.

आणखी एक. सगळी घरटी झाडाच्या पूर्वेच्या अंगाला आहेत. मला पहिले दोन दिवस हे दिसलंच नाही. तिसऱ्या दिवशी पश्चिमेकडनं पावसाची झड आली, मी निवाऱ्याला खोडाच्या पूर्वेला सरकलो, वर बघतो तर हे सगळे माझ्या आधीच तिकडं.

जॉबरमामा म्हणतात, आत उजेडाला ओल्या चिखलात काजवे चिकटवतात. मी खाली पडलेलं एक घरटं उचकटून पाहिलं. चिखलाचे गोळे होते. काजवा नव्हता. ते घरटं शोकेसमध्ये ठेवलंय, आईला न विचारता.

गौरी-गणपतीला येशील तेव्हा एक सकाळ माझ्यासाठी काढ. मादी आली की सगळे नर एकदम चोच उघडून काहीतरी ओरडतात. मला नुसत्या उघडलेल्या चोची दिसतात, मागाच्या खडखडाटानं आवाज नेला तो नेलाच. तू शेजारी बस आणि तो कसा ओरडतो ते मला करून दाखव.

तुझा,
अप्पा