प्रभातची तुतारी लोकांना ऐकू द्या

मा. मंत्री,
सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : प्रभात फिल्म कंपनीचे चित्रपट सर्वांना खुले करण्याबाबत

सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी आमच्या वाचनमंडळात आम्ही ‘कुंकू’ दाखवला. इंटरनेटवर सापडलेली प्रत लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि भिंतीवर पडदा लावला. चित्राच्या कोपऱ्यात कुठल्याशा चॅनलचा शिक्का होता. ओठ आधी हलत होते, शब्द मागून येत होते. १९३७ साली प्रभातने या चित्रपटातून पार्श्वसंगीत ठरवून काढून टाकलं होतं. घरातले, रस्त्यावरचे, भिंतीवरच्या घड्याळाचे आवाज हेच त्याचं संगीत. आमच्या प्रतीत ती टिकटिक खरखरीत बुडून गेली होती. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी पुढे सरकून बसल्या आणि तीनदा म्हणाल्या, “शांता आपटे आत्ता काय म्हणाली, ते परत लावा.” तीनदा लावलं. तिन्ही वेळा कळलं नाही.

हे पत्र त्या संध्याकाळपासून मनात आहे.

आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ची आणि ‘कुंकू’ची मुदत कधीच संपून गेली. म्हणजे कायद्याने हे चित्रपट केव्हाच लोकांचे झाले. पण लोकांच्या हाती आलं ते चुरगळलेलं, कापलेलं, शिक्के मारलेलं. मालकी मिळाली, वस्तू मिळाली नाही.

ही वस्तू कुणी घडवली ते आपणांस ठाऊक आहे, तरी इथे लिहितो, कारण माझी मागणी त्यातूनच येते. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात पाच जणांनी प्रभात काढली. तुतारी फुंकणारी स्त्री हे तिचं बोधचिन्ह. विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेले. पाचवे सराफ सीतारामपंत कुलकर्णी. पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून कॅमेरासुद्धा घरीच घडवला होता, त्या तालमीत हे तयार झाले. धायबर कॅमेऱ्यामागे, दामले ध्वनीकडे, फत्तेलाल नेपथ्याकडे, शांताराम दिग्दर्शनाकडे. पण चौघेही दिग्दर्शन जाणणारे, आणि चौघांनी ते केलंही. मालक वर बसलेला आणि कारागीर खाली राबणारा, असं या कंपनीत नव्हतं. ज्यांनी सेटला रंग लावला त्यांचीच कंपनी होती. दामलेमामा आणि साहेबमामा फत्तेलाल ही जोडी तर एकेका चौकटीसाठी दोघांनी मिळून जीव टाकणारी.

त्यांना सोपं काहीच गेलं नाही. शिवाजी महाराजांवरच्या मूकपटाला ‘स्वराज्य तोरण’ हे नाव इंग्रज सेन्सॉरने ठेवू दिलं नाही, तो ‘उदयकाल’ झाला. एकनाथांवरच्या चित्रपटाचं नाव ‘महात्मा’ होतं, ते १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ करावं लागलं. ‘सैरंध्री’ रंगीत करायला जर्मनीपर्यंत गेले, रंग साधले नाहीत. तरी १९३२ ला ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला, १९३३ ला कंपनी पुण्यात आली.

आणि १९३६ ला दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ आला. त्यातली आवली आठवा. आजारी पोराला एका हाताने ओढत, दुसऱ्या हातात वहाण घेऊन ती देवळात शिरते, पांडुरंगाला जाब विचारायला. ही भूमिका केलेल्या गौरीबाई कंपनीत किरकोळ कामं करत पुढे आलेल्या होत्या, नावाजलेल्या नटी नव्हत्या. त्या बाईच्या चालण्यात आख्खं गाव दिसतं. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. आज शाळेत तुकोबांचे अभंग शिकणाऱ्या मुलांपैकी कितीजणांनी ही आवली पाहिली असेल? दाखवायची म्हटली तर शिक्षकांनी कुठली प्रत लावायची?

शांताराम १९४२ पर्यंत बाहेर पडून मुंबईत राजकमल या स्वतःच्या चित्रसंस्थेच्या उभारणीला लागले, दामले १९४५ ला गेले, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी मिटली. १९६० मध्ये केंद्र सरकारने त्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली, ते चांगलंच झालं. प्रभातचा स्टुडिओ निदान विद्यार्थ्यांच्या कामी आला. पण जानेवारी २००३ मध्ये त्याच आवारातल्या साठवणुकीच्या जागेला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची नायट्रेट रिळं जळून गेली. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्याने विझत नाही, तिच्या जळण्याला लागणारा प्राणवायू तिच्याच पोटात असतो. जे गेलं ते गेलं. म्हणूनच जे उरलं आहे ते एका कपाटात, एका संस्थेच्या कुलपात राहू नये असं मला वाटतं. हजारो घरांत पोचलेली गोष्ट एका आगीत संपत नाही.

हा विषय केंद्राचा आहे असं उत्तर येईल, याची कल्पना आहे. जुने चित्रपट जपणारं पुण्याचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं आहे, हेही माहीत आहे. पण गोरेगाव आणि कोल्हापूरच्या चित्रनगऱ्या चालवणारं महामंडळ आपल्या खात्याखाली आहे. त्याने केंद्राशी करार करावा, प्रभातच्या उपलब्ध चित्रपटांचं उत्तम प्रतीचं स्कॅनिंग आणि ध्वनिशुद्धीचा खर्च राज्याने उचलावा, आणि पूर्ण लांबीच्या प्रती शिक्का न मारता, मराठी-इंग्रजी उपशीर्षकांसह, कुणालाही मोफत उतरवून घेता येतील अशा ठेवाव्यात. कथा आणि गीतांचे स्वतंत्र हक्क काही ठिकाणी अजून शिल्लक असतील. ती परवानगी एकेका वाचकाला मिळवता येत नाही, शासनाला येते. मूकपट बहुतेक हरवलेच आहेत, त्यांचे जे फोटो, जाहिराती, पुस्तिका घरोघरी पडून असतील त्यांच्यासाठी एक आवाहन काढलं तरी पुष्कळ निघेल.

१ जून २०२९ ला प्रभातला शंभर वर्षं होतील. त्या दिवशी कोल्हापुरात कार्यक्रम होईल, पुतळा, टपाल तिकीट, सत्कार असं काही सुचवलं जाईल. त्याला माझा विरोध नाही. फक्त त्या सकाळी एखाद्या खेड्यातल्या शिक्षिकेने मोबाइलवर ‘कुंकू’ लावला तर तिला घड्याळाची टिकटिक ऐकू यावी, एवढं आधी व्हावं.

आपल्या कार्यालयाकडून उत्तर आलं तर ते मंडळात वाचून दाखवणार आहे. आजी विचारत असतात.

आपला,
एक प्रेक्षक