जुनी स्विफ्ट की नवी?

ठाणे (प.)
१४ डिसेंबर २०२५

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार. काकांची २००७ ची स्विफ्ट काढून नवी घ्यायची की आहे तीच चालवायची, हे तू फोनवर विचारलंस. सोबत तुझ्या सासऱ्यांचं मत ऐकवलंस की जुन्या गाडीचा पत्रा आता मिळायचा नाही, आणि ऑफिसातल्या पोरांचंही, की जुन्या गाडीत आता आहे काय. मला दोन्ही पटली नाहीत. का, ते फोनवर सांगून झालं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं पहिलं भांडण तुलनेच्या पद्धतीशी आहे. कुणी विशीतल्या आठवणीतली गाडी आजच्या शोरूममधल्या गाडीशेजारी उभी करतो. कुणी अठरा वर्षं खड्डे खाल्लेली, सस्पेन्शनमधले रबरी बुश झिजलेली गाडी कालच पासिंग झालेल्या गाडीशी लावतो आणि म्हणतो, जुनी खडखडते. अरे, आधी बुश आणि शॉकॲब्सॉर्बर बदल, मग बोल. एकाच वर्गातल्या गाड्या, दोन्ही धडधाकट, एकच रस्ता, तितकीच माणसं, याला मी तुलना म्हणतो. स्विफ्ट हे नाव आपल्याकडे २००५ पासून चालू आहे, त्यामुळे हे जमण्यासारखं होतं. माझी २००६ ची व्हीएक्सआय म्हणजे पहिली पिढी. ताईने गेल्या वर्षी घेतलेली चौथी, मे २०२४ मध्ये आलेली. एका रविवारी पहाटे, घोडबंदर रोडवर ट्रक वाढायच्या आत, कासारवडवलीहून दोन्ही गाड्या काढल्या. गायमुख घाट उतरून फाउंटन हॉटेलच्या नाक्यापर्यंत गेलो आणि येताना गाड्या बदलल्या.

कागदावर जुनी भारी दिसते. तिचं इंजिन १२९८ सीसी, चार सिलिंडरचं, ८७ अश्वशक्तीचं. नवीचं ११९७ सीसी, तीन सिलिंडरचं, ८२ च्या आसपास. पण जुनी हजार किलोच्या थोडी वर आणि नवी सव्वानऊशेच्या आत-बाहेर, शिवाय लांबीला नवी पाऊण वीत मोठी. मजबूत पोलाद वापरलं की पत्रा पातळ ठेवता येतो, वजनातली बचत तिथून येते. रस्त्यावर फरक असा जाणवतो की माजिवड्याच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर रेंगाळताना नवी कुरकुरत नाही, जुनीला पहिला टाकावा लागतो. क्लच तर इतका हलका की ताईचा गुडघा दुखायचा थांबला. मात्र सिग्नलला उभं राहिलं की तीन सिलिंडरची थरथर सीटमध्ये येते. आणि मोकळ्या रस्त्यावर चार हजार आरपीएमच्या वर जुनं इंजिन जे गातं, ते नवीत नाही. ॲव्हरेजचा प्रश्नच नाही, नवी खूप पुढे आहे. कंपनी लिटरला २४.८ सांगते. तेवढं शहरात कुणाला मिळत नाही, पण जुनीपेक्षा टाकी सावकाश रिकामी होते हे ताईच्या खर्चात दिसतं.

आता सासऱ्यांचा पत्रा. मन्या, हा समज मला मनापासून खोडून काढायचाय, कारण तो जीवावर बेततो. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेने २००९ मध्ये एक चाचणी केली. १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू, दोन्ही ताशी ६४ किलोमीटरने समोरासमोर आदळवल्या. बेल एअर म्हणजे लांबलचक, जाड पत्र्याचं धूड. तिची केबिनच कोसळली, स्टिअरिंग आत घुसलं आणि आतला चालक वाचला नसता. मालिबूचं नाक पूर्ण चेपलं, पण केबिन जागेवर राहिली आणि चालकाला पायाची दुखापत एवढंच. नाक चेपावं म्हणूनच ते तसं बनवलेलं असतं. धक्का तिथे जिरला नाही तर तो थेट छातीत येतो. बोटाने दाबून पत्रा आत जातो का, यावर सुरक्षितता ठरत नाही.

आणि आपल्या दोघांच्या गाड्यांत आहे काय? एअरबॅग नाही, जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नाही. त्या काळात ही चैन होती. आपल्याकडे एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ मध्ये सक्तीचं झालं, पुढच्या दोन एअरबॅग २०२१ अखेर. नव्या स्विफ्टमध्ये सगळ्यात स्वस्त मॉडेललाही सहा एअरबॅग आणि ईएसपी, म्हणजे गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा, आहे, मागच्या तिन्ही सीटना खांद्यावरचे पट्टे आहेत. तू आता समृद्धीने येतोस. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जूनमध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळला हे खरं, पण तिथे सगळे ताशी १२० ने जातात. पावसात, ओल्या रस्त्यावर पुढच्याने कचकन ब्रेक लावला तर एबीएस नसलेली गाडी चाकं लॉक करून सरळ घसरत जाते, स्टिअरिंग कितीही फिरव. मागे चिनू बसलेली असते. त्या रस्त्यावर काकांची गाडी तू चालवू नयेस असं माझं स्पष्ट मत आहे. यात मैत्रीखातर गुळमुळीत बोलणार नाही.

मग जुन्या गाड्यांत काही नव्हतंच का? होतं, आणि ते गेल्याचं मला वाईट वाटतं. आपल्या गल्लीतली पद्मिनी आठव. बारीक खांब, चहूबाजूंनी काच, कोपऱ्यावरून येणारी सायकलसुद्धा दिसायची. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली, तेव्हा मी मुद्दाम तिचे फोटो शोधून पाहिले. काचा केवढ्या मोठ्या होत्या! आज पुढचा खांब इतका जाड असतो की वळणावर चालता माणूस त्यामागे लपतो. पण त्याला कारण आहे. गाडी उलटली तर छप्पर दबू नये म्हणून तो तसा असतो. कडेचा एअरबॅग छपराच्या काठात असतो, त्यालाही जागा लागते. हा तोटा मी पत्करतो.

स्टिअरिंगचं मात्र मला पटत नाही. फोर्डच्या जुन्या फिएस्टाचं हायड्रॉलिक स्टिअरिंग तू चालवलं आहेस, पुढची चाकं कुठल्या डांबरावर आहेत ते हाताला कळायचं. आता सगळीकडे इलेक्ट्रिक मोटर आली. इंधन वाचतं, पार्किंगला सोपं जातं, पण हाताशी बोलणं बंद झालं. खरं तर आपली पहिली स्विफ्टही इलेक्ट्रिकच, आणि तरी तिचं बऱ्यापैकी बोलतं. म्हणजे मन लावून जुळवलं तर जमतं.

सगळ्यात राग येतो तो टचस्क्रीनचा. एसी कमी करायला रस्त्यावरची नजर काढून पडद्यावर न्यायची, ही कसली प्रगती? जुन्या गाडीत हात आपोआप बटणावर जायचा. गाड्यांच्या सुरक्षिततेला गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा गोष्टींना खरीखुरी बटणं हवीत असं ठरवलंय, म्हणजे तज्ज्ञांनाही हे जाणवलं. नव्या स्विफ्टमध्ये एसीला खरीखुरी बटणं ठेवलीत, त्याबद्दल मी तिला पैकीच्या पैकी देतो. दुसरी कुठली गाडी पाहायला गेलास तर हे आधी तपास.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. वागळे इस्टेटमधले माझे मेकॅनिक काका बॉनेट उघडायच्या आधी आवाजावरून इंजिनातले टॅपेट सैल झालेत का ते सांगतात. नव्या गाडीला आधी स्कॅनर लावावा लागतो, आणि तो त्यांनी घेतलाय. त्यामुळे नव्या गाड्या गल्लीत दुरुस्त होत नाहीत हे अर्धसत्य आहे. जुनी गाडी खरी अडते ती सुट्या भागांपाशी. प्यूजो ३०९ इथेच कल्याणला बनायची. कंपनी गेली आणि ज्यांच्याकडे ती होती ते एकेका काचेसाठी फिरले. इंजिनाचं तेवढं निभावलं, कारण तेच १५२७ सीसीचं डिझेल झेन आणि एस्टीमलाही बसलं होतं. आपल्या स्विफ्टचे भाग अजून सहज मिळतात, ती काळजी नको.

म्हणून माझं म्हणणं असं: नवी घे, आणि काकांची विकू नकोस. एक्स्चेंजमध्ये तिला जे देतील त्याने मन खट्टू होईल. नाशकात भाजी, बँक, काकूंचं देऊळ, एवढ्याला ती उत्तम आहे. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि फिल्टर मात्र बदलून घे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २००७ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. ॲव्हरेज थोडं पडेल, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा सुमारे एक तृतीयांशने कमी असते. २०२७ मध्ये नोंदणी पुन्हा वाढवावी लागेल. वीस वर्षांवरच्या कारची फी यंदा ऑगस्टपासून १०,००० झाली आहे, ग्रीन टॅक्स वेगळा. तेव्हा हिशेब करून काय ते ठरव.

नव्याचं म्हणशील तर २२ सप्टेंबरपासून लहान पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झालाय, स्विफ्ट त्यात बसते. वरचं मॉडेल घेऊ नकोस, सहा एअरबॅग खालच्यातही त्याच आहेत. वाचलेल्या पैशांत चांगले टायर घे. आणि बुकिंगच्या आधी टेस्ट ड्राइव्हला काकांना नेच, पांडवलेणीच्या चढावर त्यांच्या हातात दे. क्लच आणि सीटची उंची त्यांना कशी वाटली ते मला कळव, तुझ्या मतापेक्षा मला त्यांचं हवंय.

काका-काकूंना नमस्कार, वहिनींना आणि चिनूला आठवण.

तुझा,
नित्या